लेथ, लेन्स आणि शेडमधला माझा हिस्सा

मी, प्रतीक्षा शालिग्राम खर्चे, वय २९, अविवाहित, टूल अँड डाय मेकिंगची पदविकाधारक, राहणार स्टेशन रोड, नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी घाबरवले म्हणून किंवा रडून दाखवले म्हणून मी हे लिहीत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न नाही. सकाळपासून मी खुर्चीवर नीट बसलेली नाही, ते अक्षरावरून दिसेल. मनःस्थितीचा पुरावा म्हणून ते कोणी वापरू नये.

कारण असे. माझा थोरला भाऊ कुलदीप याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. माझे एक त्याला देण्यासाठी येत्या गुरुवारी आम्हाला नागपूरच्या रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. आईला मधुमेह आहे, अश्विनीवहिनीचा रक्तगट जुळला नाही, माझे सगळे जुळले. देणाऱ्याला धोका कमी असतो, असे डॉक्टर सांगतात. कमी म्हणजे शून्य नव्हे. मी परत आले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. शेडमधला धातू कातायचा लेथ, त्याची सगळी हत्यारे, मायक्रोमीटर आणि पितळेच्या नळ्या माझी वर्गमैत्रीण धम्मशीला इंगळे, राहणार खामगाव, हिला द्याव्यात. लेथ भंगारात घालू नये. नेताना मोटर आधी उतरवावी. नव्या जागी रेल्वे रूळ जवळ नसावा. इथे मालगाडी जाताना टेबलावरची पितळेची पातळ पट्टीसुद्धा सरकते, म्हणून शेवटचा हात मी गाडी पुरती निघून गेल्यावरच फिरवते. आत्ताही एक गेली. मी लिहिणे थांबवले होते, सवयीने.

कलम २. कपाटात लोकांचे कॅमेरे आहेत. प्रत्येकावर पत्ता चिकटवला आहे. ते आहेत त्या स्थितीत परत पाठवावेत, अर्धवट काम कोणी पूर्ण करू नये. माझे काम काय होते हे आईला आजही नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. हे जुने रेंजफाइंडर कॅमेरे. यांच्या लेन्समधून आपल्याला दिसत नाही. बाजूच्या खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की तिच्यामागची पितळी कडी कॅमेऱ्यातल्या दांडीला ढकलते आणि प्रतिमा सरकून एकावर एक येतात. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की हे ढकलणे कमीजास्त होते. खिडकी सांगते जुळले, आणि फिल्मवर माणूस धूसर येतो. मी ती कडी नव्याने कातते.

परकी लेन्स जवळच्या आणि लांबच्या दोन्ही अंतरांना बरोबर बसेलच असे नाही. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, तुम्ही माणसांपासून किती लांब उभे राहता? पुष्कळांना हा प्रश्न खटकतो. सगळीकडे बरोबर करा, म्हणतात. तसे केले तर सगळीकडे थोडे चुकते.

कलम ३. घरातला आणि शेडमधला माझा हिस्सा आई छायाबाई हिच्या हयातीत तिचा, तिच्यानंतर अश्विनीवहिनीचा. बँकेतली ठेवही वहिनीची. तिने ती साड्यांवर उडवली तरी चालेल. दोन वर्षे तिने माझ्या आणि कुलदीपच्या मध्ये टपाल वाहिले आहे. एकाच ओट्यावर उभे राहून मी म्हणायची, वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा पाण्याची मोटर बंद करायला. आणि तो म्हणायचा, सांग तुया नणंदेले, मोटर बंदच हाय. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ४. काका उत्तमराव खर्चे यांना काहीही देऊ नये. कुलदीपचा तपासणी अहवाल आला त्याच दुपारी ते शेडची रुंदी पावलांनी मोजत होते. मी आत लेथवर होते, हे त्यांना माहीत नव्हते. नंतर बैठकीत सगळ्यांसमोर मला म्हणाले, "पोरीच्या जातीनं पोट फाडून घेऊ नये. उद्या नवऱ्याले काय सांगशीन?" नवरा झाल्यावर ठरवू, असे मी सांगितले. स्वतःचे रक्त तपासायला ते अद्याप गेलेले नाहीत. शेडच्या चाव्या त्यांच्या हाती पडू नयेत.

कलम ५. बाबांचा कॅमेरा. अमडापूरपासून सुलतानपूरपर्यंतची लग्ने बाबांनी याच कॅमेऱ्यावर काढली आणि जाताना तो माझ्या हातात दिला. स्टुडिओ कुलदीपला दिला. वाटणी योग्य होती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी कुलदीपने मला न विचारता तो नेला आणि त्यावर एक जुनी लेन्स चढवली. तोंडाचा व्यास तोच होता, आटे वेगळे होते. अशी लेन्स पहिला वेढा घेते, मग अडते. अडली की थांबायचे असते. त्याने जोर लावला. बाबांच्या कॅमेऱ्याचे आटे कापले गेले. तो कपाटात परत ठेवून त्याने आठवडाभर काही सांगितले नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.

खराब आटे कातून काढून नवीन कडी बसवणे हे माझ्यासाठी एका दुपारचे काम. ते मी केले नव्हते. या आठवड्यात कडी कातली आहे, बसवायची राहिली आहे. मला वेळ मिळाला नाही तर धम्मशीलाने बसवावी आणि कॅमेरा वहिनीला द्यावा. वहिनीने तो पुढे कोणाच्या हातात द्यावा, याबद्दल मी काही लिहीत नाही.

कलम ६. हे कलम मी खोडून पुन्हा लिहीत आहे. मूत्रपिंड हे या मृत्युपत्रातले देणे नाही. ते मी जिवंतपणी देत आहे. गावात बायका ओवाळणी म्हणतात. ते ओवाळणी नाही. उपकारही नाही. रुग्णालयातल्या समितीने विचारले, कोणाचा दबाव आहे का? मी नाही म्हटले. तेच उत्तर इथे कायम.

अडचण कुलदीपची आहे. त्याने रुग्णालयाच्या संमतीपत्रावर अजून सही केलेली नाही. गेल्या खेपेला डायलिसिसच्या बाकावर तो माझ्याशी थेट बोलला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"नको मले. आटे जुळले नाहीत अन् जबरदस्तीनं बसवलं त काय होते, ते म्या करून पाह्यलं हाय."

मी म्हणाले, "आटे म्या तपासले. जबरदस्ती तुयं काम, मायं नाही, दादा."

तो हसला. मग भिंतीकडे तोंड केले. म्हणाला, "अन् तू मेली त? लोक म्हणतीन, भावानं बहिणीले खाल्लं. मायले काय सांगू मी?"

त्याला माझे हे उत्तर आहे: मी मेले तर ते माझ्या निर्णयाने आणि शस्त्रक्रियेच्या धोक्याने. कुलदीपने मागितले नव्हते, उलट नाकारले होते. जो कोणी वेगळे म्हणेल त्याला हे कलम वाचून दाखवावे, काकांना आधी.

कलम ७. कुलदीपला मी काहीही ठेवत नाही. याचा राग धरू नये. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. दुसऱ्या साक्षीदाराने, म्हणजे त्याने, मात्र वाचल्याशिवाय सही करू नये. त्याने सही केली नाही तर मी त्याच्या जागी आणखी कोणी शोधणार नाही.

वर लिहिलेले वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे.

स्थळ: नांदुरा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५
सही: प्रतीक्षा शालिग्राम खर्चे

साक्षीदार १: डॉ. अनुपमा राठी, नांदुरा. लिहून देणारीला मी आज तपासले. ती पूर्ण शुद्धीत असून तिला लिहिलेले समजते.
सही: अनुपमा राठी

साक्षीदार २: कुलदीप शालिग्राम खर्चे, नांदुरा. पुरं वाचलं. माया समोर सही केली. डोकं ठिकाणावर हाय, सभावाचं मी लेहून देत नाही. काकाबद्दल कमीच लिवलं. दवाखान्याच्या कागदावर आज सही करून दिली. मले तिकडं लय दिवस थांबा लागते, म्हणून मायं एकीकडचंच तिकीट हाय. तुयं परतीचंही काढलं. टाके राहतीन म्हणून खालचा बर्थ घेतला.
सही: कुलदीप