सोनपाखराचं लेबल

८ ऑगस्ट, सकाळी ६.४०
सोनपाखरू मेलं. काडेपेटीत उताणं, पाय आवळलेले. मादी, लांबी ४१ मिमी, माझ्याकडे एकोणीस दिवस. मृत्यूचं कारण: वय.
आई म्हणाली, काल दुपारी तर चांगलं चरचर खायलालं, पाला कुठला घातलास? असंबद्ध प्रश्न. मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. आहे. कीटकनाशकांच्या चाचण्या हेच माझं काम.
ठरलं. टाचायचं, वाळवायचं, काचेच्या पेटीत कायमचं ठेवायचं. दोन दिवसांचं काम. कॉलेजात साठ कीटक टाचलेत. भावनेचा प्रश्नच नाही. मी नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी ७
नियम: टाचणी उजव्या पंखकवचातून. पहिली वाकली. दुसरी वाकली. तिसरी घसरून माझ्या अंगठ्यात. कॉलेजातले बहुतेक कीटक माझ्या वर्गातल्या प्रियांकानं टाचले होते. लेबलं मात्र सगळी माझी.
शेजारच्या दगडामावशींकडून पोती शिवायचा दाभण आणला. मावशी शेळ्या राखतात. म्हणाल्या, मेल्यावर तरी निवांत पडू दे की गं त्याला, कशाला भोसकायलीस? दिला मात्र.
भोक पडलं. त्यातून तपकिरी काहीतरी आलं. माझ्या मोजपट्टीवर. वास सडक्या अंड्याचा. भोकात चौथी टाचणी बसवली. चार वेळा हात धुतले. जेवायला वांग्याचं भरीत. रंग तोच. ताट सरकवलं.

९ ऑगस्ट
एवढ्या मोठ्या कीटकाचं पोट आधी रिकामं करतात. माहीत होतं. पण सोनीचं पोट फाडणं अनावश्यक वाटलं. (सोनी म्हणजे नमुना. आई तसं म्हणते, म्हणून.)
हवा दमट. गॅसवरच्या फळीवर वाळत ठेवलं. आई म्हणाली, मढं वाळवायला माझीच चूल सापडली का, भाकरीला वास यायलाय. फळीवरून न्हाणीच्या खिडकीत. डांबरगोळी ठेवली. आता दोन्ही वास येतात, वेगवेगळे.

११ ऑगस्ट
मुंग्या. शिस्तीत, एका ओळीत, भोकातून आत.
उपाय: परातीत पाणी, मधोमध पालथी वाटी, वाटीवर नमुना. शंभर टक्के सुरक्षित.

१२ ऑगस्ट, सकाळी ७
आईचा ओला टॉवेल खिडकीतून परातीत लोंबत होता. मुंग्यांना पूल मिळाला. चूक आईची.
पोट पोकळ. डोकं नाही. पाय मोजले: दोन. उरलेलं उचललं तर आतून पांढरी अळी निघाली, बोटावर चढली. ओकारी झाली. रिकाम्या पोटी होते म्हणून.
आई पाठ चोळत होती. म्हणाली, किड्यांचं शिकलीस ना गं तू?

१३ ऑगस्ट
दगडामावशी दाभण न्यायला आल्या. विचारलं, आता तुझ्या त्या चाचणीच्या कापसाच्या बांधावर शेळ्या नेऊ का? मी म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत अजिबात नाही. पाच तारखेला फवारणी झालीय. वाऱ्यानं औषध बांधावरच्या बाभळीवरही जातं. आधीच सांगितलं होतं.
त्या म्हणाल्या, व्हय, तूच सांगितलंस, म्हणून तर शेळ्या लांब न्यायलेय. पण सात तारखेला सांजच्याला तूच तिथं बाभळीची फांदी मोडायलालीस, मी बघितलं की.
मी म्हणाले, येताना वाटेत होती.
मावशी म्हणाल्या, माझ्या शेळ्यांना सांगितलंस, त्या पाखराला सांगायचं राहिलं व्हय.
दाभण धुऊन दिला.

१४ ऑगस्ट
नोंद नाही.

१५ ऑगस्ट, दुपारी
टाचणीवर उजवं पंखकवच तेवढं उरलंय. तडकलेलं. हिरवा रंग उत्तम टिकला.
लेबल लिहिलं. लेबलात सगळं खरं लिहायचं असतं, ते मला येतं:
पालम. ८ ऑगस्ट २०२५. खाद्य: बाभूळ, चाचणी प्लॉट ३ चा बांध. फवारणी ५ ऑगस्ट. पाला तोडला ७ ऑगस्ट. पाला घालणारी: मी.
नमुन्यापेक्षा लेबल मोठं झालं.
आईनं ते वाचलं. काडेपेटीत राहिलेला पाला चिमटीत उचलला आणि खड्डा करून पुरला, शेळ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून.
८ तारखेच्या नोंदीत दुरुस्ती: आईचा प्रश्न असंबद्ध नव्हता. आणि नाव मीच ठेवलं होतं.