सुनेचा व्हिसा आणि सासूचा आग्रह

पिंगळी, सोमवार

प्रिय नागनाथराव यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? माधवीताई इथून नांदेडला तुमच्या घरी सुखरूप पोहोचल्या असतील. (गाडीत जागा मिळाली का, ते कळवा.) माझी तब्येत उत्तम, डोकं तेवढं ठिकाणावर नाही. कारण आमची ही, म्हणजे तुमची ताई.

आमच्या बुद्धभूषणनं पोलंडात लग्न केलं, तिथली नोकरी सोडून परभणीच्या कॉलेजात शिकवायला आला आणि मागोमाग आपली सून योआना पर्यटकाच्या व्हिसावर आली, इथपर्यंत तुम्हाला ठाऊकच आहे. तो व्हिसा आता संपत आलाय. संपला की तिनं देश सोडायचा, घरची सून असली तरी. ही बातमी फुटली आणि आमच्या ओसरीवर सल्लागार जमले. शेजारच्या कुसुमबाई म्हणाल्या, "लय आजारी हाय म्हणा की! डाक्टर माझ्या वळखीचा हाय." कुणी म्हणालं, कृषी विद्यापीठात नाव घाला, शिकत राहील. पप्पू रिक्षावाल्यानं तर नेपाळात चहा पिऊन परत यायचा सोपा मार्ग सांगितला. (स्वतः तो जवळच्या पूर्णा स्टेशनाच्या पुढं गेलेला नाही.) योआनानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं न्हाई." (तिला येणारं मराठी थोडं, पण अगदी आपल्याकडचं.) शेवटी बुद्धभूषणनं रीतसर चौकशी केली. खरा रस्ता सरळ निघाला. भारतीय नवऱ्याची बायको म्हणून व्हिसाचा प्रकार बदलून मागायचा, लग्नाचा दाखला जोडायचा आणि हे सगळं जुना व्हिसा संपायच्या आत करायचं. नाहीतर तिनं पोलंडात परत जायचं आणि तिथून पुन्हा अर्ज करायचा, मग किती महिने जातील ते सांगता येत नाही. मोठ्या उत्साहानं अर्ज भरायला बसलो, तर पासपोर्ट गायब!

घर उलटंपालटं केलं. ज्वारीच्या कोठ्या उपसल्या, गाद्या उसवल्या, आणि शोधण्यात सगळ्यात पुढं तुमची ताई. शोधता शोधता ती म्हणाली, "गेला तर जाऊ द्या तिकडं! माणूस तर हाय ना घरात?" तिथंच मला शंका आली. साधा चमचा हरवला तरी ही दोन दिवस सगळ्या घराशी भांडते. खोदून विचारलं तेव्हा बाई कबूल झाली. निघालेल्या पाहुण्याची पिशवी लपवायची, गाडी चुकवायची आणि मग पुरणपोळी वाढायची, ही तिची माया तुम्हाला काय सांगावी? (तुमच्या स्वतःच्या किती गाड्या चुकल्यात!) पासपोर्टाशिवाय विमानात घेत नाहीत, एवढं तिनं ऐकलं होतं. "आता कशी जाती बघते की!" म्हणाली. बुद्धभूषणनं समजावलं, "आई, त्याच्याशिवाय तिला राहता येत न्हाई." तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. योआनानं तिला पाणी दिलं आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून हसत सुटली.

असो. बाकी सर्व क्षेम, काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा दाजी,
रंगनाथ

ता. क. माधवीताईंबरोबर कुरडयांचा जो पत्र्याचा डबा आला, तो उघडला नसेल तर उघडू नका आणि उघडला असेल तर तळण थांबवा. तळाच्या कागदाखाली पासपोर्ट आहे. (लपवला हिनंच, आणि आग्रहाच्या भरात डबाही हिनंच दिला.) तुमचे दोघांचेही फोन कालपासून लागत नाहीत, म्हणून हे पत्र आज नांदेडला निघालेल्या आमच्या गावच्या बबिताबाईंच्या हाती देतोय. त्या संध्याकाळच्या गाडीनं परततील, त्यांच्याजवळच पासपोर्ट द्या. शनिवारी व्हिसा संपतो!

आणखी एक ता. क. हिचा निरोप आहे की डबाही परत पाठवा, पण रिकामा नको. माधवीताईंच्या जुन्या, मऊ सुती साड्या घालून पाठवा, दुपटी शिवायची आहेत. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून मी काहीच सांगितलेलं नाही.