रीशफल म्हणजे काय?

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तू शाळेत इंग्रजी शिकवतेस म्हणून विचारतो. आमच्या कपड्यांच्या कारखान्यात रीशफल झालं. साहेब म्हणाले, "घाबरू नका. पत्ते पिसतात तसंच हे. जागा बदलतात, पत्ता कुणी फेकत नाही."

मला कटिंगच्या टेबलावरून मागच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे ना मशीन, ना कापड, नुसत्या खुर्च्या. आम्ही जुने कारागीर दिवसभर बसून असतो. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "आपण कंटाळून राजीनामा द्यावा, म्हणून बसवलंय रे." आज त्यांनी तो दिलाही. मीही फार टिकेन असं वाटत नाही.

त्या शब्दाचा आणखी काही अर्थ असेल तर कळव. आईला मात्र एवढंच सांग, की काम हलकं झालंय, आता बसूनच असतो.

तुझाच,
धाकटा