जागचा न हलणारा उपग्रह

सोम. ३ नोव्हें.
संघटनेचा फॉर्म आलाय. अंतराळातल्या हौशी रेडिओसाठी पैसा थोडा, कामं दोन. आधी कोणतं ते प्रत्येक क्लबाने कळवा. (अ) अंतराळस्थानकावरचा जुना रेडिओ बदलणे, म्हणजे शाळांचं अंतराळवीरांशी बोलणं चालू राहील. (ब) जागचा न हलणारा एकुलता उपग्रह म्हातारा झालाय, त्याच्या जागी दुसरा. आमच्या बेलापूरच्या क्लबात माणसं सहा, मत एक. सेक्रेटरी मी.
(अ), दुसरं काय! माझ्या दहावीच्या मुलींनी अंतराळवीरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत, दोन वर्षं नंबर लागायची वाट बघताहेत. मार्चनंतर त्या शाळेत नसतील.

गुरु. ६
डोक्यात तोच घोळ. फळ्यासमोर खडू धरून नुसती उभी राहिले, मुली हसल्या.
क्लबातले सलीमभाई दुकानातून हाक मारून म्हणाले, "मॅडम, पुणतांब्याच्या अण्णांचं काय?"
अण्णाही क्लबातलेच, त्यांनीच मला रेडिओ शिकवला. बाकीचे उपग्रह दहा मिनिटांत आभाळ ओलांडतात, अँटेना हातात धरून त्यांच्यामागे फिरावं लागतं. अण्णांचे गुडघे गेले. ते बोलतात फक्त त्या जागच्या उपग्रहावर. डिश एकदा लावली की खाटेवर बसून पार जर्मनीपर्यंत. तो गेला की अण्णा गप्प.
बघू म्हटलं. मीच चिडले उगाच.

रवि. ९
तोंड कुठे लपवू.
सकाळी रविवारची हजेरी. अण्णांसाठी सगळे त्याच जागच्या उपग्रहावर येतात, नावं मी पुकारते. मत तिथेच घ्यायचं ठरलेलं. विषय सांगितला, माइक बाजूला ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "अण्णांचं काय घेऊन बसलेत सगळे? त्यांचं बोलून झालंय. माझ्या मुलींचं अजून सुरूसुद्धा झालं नाही."
माइक मांडीखाली दाबला गेला होता. बटणासकट.
उचलला. मग अण्णा: "बाई, बटन दाबलेलंच हुतं. आमी आईकलं समदं." पुढे म्हणाले, "माझं मत शाळंला. बोलू द्या पोरींना."
पाठोपाठ बाकीचेही शाळाच म्हणाले. सहाच्या सहा. मला हवं तेच झालं.

मंगळ. ११
फॉर्म भरला नाही. पुणतांब्याला फोन केला, सुनेने उचलला. "बरं हाय त्यांचं. पर परवापासून रेडिओच लावला न्हाई."
माफी मागणार होते. तिला काय सांगू?

बुध. १२
मुलींना सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. प्रश्न लिहिणाऱ्यांतली रुखसार म्हणाली, "मॅडम, आमच्यासाठी असं बोललात?"
माझ्याकडची प्रश्नांची वही तिने परत मागितली नाही, फेकून द्या असंही म्हणाली नाही. म्हणजे काय समजायचं?

शुक्र. १४
फॉर्म आज पाचपर्यंत.
शाळेतून लवकर आले. चैन पडेना, म्हणून अँटेना घेऊन गच्चीवर गेले. एक पळता उपग्रह मावळतीकडे चालला होता. आणि त्यावर अण्णा! धापा टाकत.
"बाई, आईकू येतंय का? अंगनात उभा हाय. सुनंनं धरलंय मला. म्हन्लं, आत्तापासनं ह्या पळत्याची सवय करावी."
बटण दाबलं तोवर उपग्रह खाली जाऊन आवाज फाटायला लागला होता. "येतंय अण्णा, येतंय" म्हटलं दोनतीनदा. पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही.
चार वाजून दहा. फॉर्म समोर उघडा आहे, (अ) आणि (ब) दोन्ही चौकटी कोऱ्या.