पायात गेलेली पाने

मी भागीरथा बाबनराव पराते, वय ७२, अविवाहित, निवृत्त भूशास्त्र प्राध्यापिका, राहणार मनीषनगर, नागपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते हृदय थकले आहे. डोके शाबूत आहे.

१. मनीषनगरचा फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. तो भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, प्रणाली हिला द्यावा. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. माझी पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत. मात्र आमच्या जुन्या विभागप्रमुखांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेस माझे काहीही देऊ नये. "मुलींनी खाणीत जायचं नाही," असे ते म्हणाले होते. तेव्हा माझी आई रुखमाबाई आपला हातमाग बंद ठेवून माझ्या सोबतीला उमरेडच्या कोळसा खाणीवर आली. मी पाटीसारखा काळा दगड फोडला, तर आत शिरांसकट एक पान उमटलेले.

"पान दगडात काहून गेलं वं?" आईने विचारले.

मी सांगितले, हेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकाच्या बर्फातही सापडते. याचे बी वाऱ्याने समुद्र ओलांडील एवढे हलके नव्हते. म्हणजे तेव्हा या साऱ्या जमिनी एकमेकींना लागून होत्या.

आईने पदराने त्या पानावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मंग मधात समुद्र कोनं आनला?"

३. उमरेडच्या घरातील माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ बापूजी यास द्यावा. आईवडिलांमागे त्याने ते घर नव्याने बांधले. मी तेव्हा परदेशी परिषदेला गेले होते. परतले तर मागच्या खोलीतले, मी जमवलेले पानांचे सगळे दगड पायाच्या भरावात गेलेले. "दगडच होते ना वं बाई," तो म्हणाला. त्यानंतर कित्येक वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही.

या दिवाळीत गेले, तर तो सब्बल घेऊन स्वतःच्याच घराची फरशी उखडत होता, घामाघूम.

"काय करून राहिला?"

"तुये दगड काढून राहिलो."

मी सब्बल काढून घेतली. पंचवीस कोटी वर्षे दबलेली पाने आणखी थोडी दबतील. पुढे कधी ते घर पाडाल, तेव्हा मलबा उचलण्याआधी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बोलवा.

४. आफ्रिकेतून मिळालेला, माझ्याजवळ उरलेला पानाचा एकमेव दगड उमरेडच्या शाळेस द्यावा. काचेत ठेवू नये. मुलांना शिरांवरून बोट फिरवू द्यावे.

५. दुरुस्ती: बापूजीला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळणार त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी समजावले. तो म्हणाला, "मंग मले हिस्सा नको. सही करू द्या." सबब कलम ३ मधील हिस्सा आता प्रणालीस द्यावा.

ठिकाण: नागपूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: भागीरथा बाबनराव पराते

साक्षीदार:
१. अदिती निपाने, शेजारी
२. बापूजी बाबनराव पराते, सख्खा भाऊ