आबा, रविवारी गाऱ्हाणं नको

प्रिय आबा,

काल संध्याकाळी चाळीच्या कमिटीची माणसं नारळ घेऊन घरी आली, म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं होतं. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं म्हणतात, आणि मी आजवर बोललेही. आता नाही बोलणार. जिवंतपणी तुम्ही कोणाचं ऐकून घेतलं नाहीत, आता तरी घ्या.

सावंतकाका आणि परबांचा नितीन आले होते. तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि नारळ माझ्या पुढ्यात ठेवला. जुना बिल्डर बुडाला, आता दुसरा आलाय. रविवारी आपल्या पाडलेल्या चाळीच्या जागेवर, पत्र्यांच्या आत, सगळ्या भाडेकरूंची मीटिंग आहे. ज्यांना थांबायचंय त्यांनी नव्या करारावर सही करायची, ज्यांचा धीर संपलाय त्यांनी पैसे घेऊन लालबागवर पाणी सोडायचं.

"पण आधी देवाला गाऱ्हाणं झालं पाहिजे," सावंतकाका म्हणाले. "आबा होते तेव्हा आबा घालायचे. आता त्यांच्या मुलाने, महेशने घालावं. मान तुमच्या घराचा आहे."

मी नारळ उचलला आणि त्यांच्या पिशवीत परत ठेवला. आई आत मिरच्यांची देठं काढत बसली होती, तिचे हात थांबले. आलेला नारळ परत करतात का, असंच तुम्ही म्हणाल ना? सावंतकाकाही तेच म्हणाले. चहा तसाच टाकून गेले.

आबा, मागच्या वेळचं गाऱ्हाणं आठवतंय का तुम्हाला? मला शब्दन् शब्द आठवतोय. चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डरचा माणूस पांढऱ्या शर्टात, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मेस्त्रीबाई उभ्या राहिल्या. शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई, आवाज कधी चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की मधल्या काळातलं भाडं देणं तुम्ही बंद केलंत तर आम्ही कोणाकडे जायचं?

साधा प्रश्न होता. पांढऱ्या शर्टवाल्याने उत्तराऐवजी पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडायला घेतली. आणि तेवढ्यात तुम्ही उठलात. डोक्यावर टोपी घातलीत, नारळ हातात घेतलात आणि सुरुवात केलीत. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चाळीतली सगळी लेकरां तुज्या पायाकडे उभी आसत. तेंच्या डोक्यार हक्काचा छप्पर येऊ दे रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"ह्या कामात कोणाचा काय आडवातिडवा येत आसात, ता भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आडवातिडवा म्हणजे कोण, आबा? मेस्त्रीबाईच ना? गाऱ्हाण्यात तुम्ही मागायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं. चाळीतल्या घाटावरच्या लोकांनासुद्धा तुम्हीच हे शिकवलं होतंत. त्यात नाही म्हणायची सोय नसते. देवाला नाही कोण म्हणणार? मेस्त्रीबाई खाली बसल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि त्याच टेबलावर रांग लावून लोकांनी सह्या केल्या. वाचून कोणी केल्या नाहीत. गाऱ्हाणं झालं म्हणजे ठरलंच की.

तुमच्या मनात पाप नव्हतं हे मला माहीत आहे. गावच्या देवळात आजोबा जसे उभे राहायचे तसेच तुम्ही उभे राहिलात. पण देवळात उभं राहून पाऊस मागणं वेगळं आणि बिल्डरच्या टेबलाशेजारी उभं राहून घर मागणं वेगळं, एवढं तुम्हाला कळू नये? गिरणी बंद पडली तेव्हा युनियनच्या सभेत प्रश्न विचारणारा माणूस तुम्ही. एका पांढऱ्या शर्टापुढे तुमचे प्रश्न गेले कुठे?

पुढचं सगळं तुम्ही पाहिलंत. चाळ पाडली. भाडं काही दिवस वेळेवर आलं, मग उशिरा यायला लागलं, मग बंद झालं. तोवर त्या भाड्यात आपण बदलापूरला जाऊन बसलो होतो. नातेवाईक म्हणायचे, बरं झालं, मोठी जागा, हवा चांगली. हवेचं काय करायचं होतं तुम्हाला? रोज सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचात. कुठे जायचंय विचारलं की म्हणायचात, "खंय नाय, असोच." मला राग यायचा तेव्हाही. रडावं तरी या माणसाने, शिव्या तरी घालाव्यात, असं वाटायचं.

चाळीत कोणी गेलं की जिना माणसांनी भरून जायचा, तिरडी बांधायला शिकवावं लागायचं नाही कोणाला. तुमच्या वेळी बदलापूरला महेश, त्याचा मेहुणा आणि समोरच्या फ्लॅटमधले एक गृहस्थ एवढेच. चौथा खांदा बिल्डिंगच्या वॉचमनने दिला. त्याने आधी मला विचारलं, "ताई, मी चालेन ना?" त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. सावंतकाका दुपारनंतर पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. तुमच्या एका शब्दावर चाळ रिकामी झाली, आणि तुम्हाला उचलायला चाळीतलं कोणी नव्हतं. याचा राग कोणावर काढू सांगा.

तेरावं झाल्यावर मी आईला घेऊन परत आले. लालबागच्या शेजारी, कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागच्या चाळीत एक खोली भाड्याने घेतली. पगाराचा मोठा तुकडा घरमालकिणीच्या घशात जातो, आणि दर वेळी करार संपत आला की मी रात्री हिशेब मांडत बसते. आधीच्या तीन एजंटांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की खोली अचानक दुसऱ्याला दिलेली असायची. ही म्हातारी घरमालकीण भेटली ती शिवडीची, तिने फक्त विचारलं, "मासे खातंस मां?" म्हणून मिळाली.

सगळे मला शहाणपण शिकवतात. मी काम करते त्या लॅबमधल्या मुली म्हणतात, मॅडम, तेवढ्या भाड्यात पनवेलला हप्ता जाईल. मामा म्हणतो, काय ठेवलंय लालबागमध्ये? गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहायला आलेली एक बाई परवा रक्त तपासायला आली होती. मला म्हणते, तुम्ही लोक अजून इथे कसे राहता, परवडतं कसं? तुम्ही लोक! सुई हातात होती म्हणून गप्प बसले.

आणि तुमचा महेश. नितीनने जिन्यातूनच त्याला फोन लावला असणार, कारण ते जाऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्याचा मला आला.

"ताई, वेडी आहेस का? नारळ परत केलास?"

"तू घालणार आहेस का गाऱ्हाणं?"

"घालतो ना. त्यात काय? आबांची इच्छा होती, लालबागची जागा सोडायची नाही. आपण थांबायचं."

"आपण म्हणजे कोण रे? तू विरारला स्वतःच्या घरात झोपतोस. थांबतेय मी."

"मग आईचा विचार कर. तिला लालबागशिवाय करमतं का?"

"आईसाठीच तर राहिलेय इथे," मी ओरडले. "नाहीतर मला काय पडलंय?"

हे बोलले आणि फोन आपटला. मागे वळले तर आई दारात उभी. मिरचीचे हात पदराला लागू नयेत म्हणून लांब धरलेले. तुम्हाला माहीत आहे ती कशी बोलते. वर्षभराचं एकदम, आणि हळू.

"त्या दिवशी मी व्हय म्हणूक नाय," ती म्हणाली.

मला कळेचना. ती म्हणाली, "तुज्या आबांनी गाऱ्हाणा घातल्यानी तेवा. मी मेस्त्रीणबायच्या बाजूक उभी होतंय. तोंड मिटान. माका कोणी इचारूक नाय, मी पण सांगूक नाय."

आबा, तुम्हाला हे माहीत होतं का? तुमच्या मागे पाच पावलांवर तुमची बायको तोंड मिटून उभी होती. आख्ख्या चाळीत एकटी. तुम्ही वळून पाहिलं असतंत तर? पण गाऱ्हाणं घालणारा मागे वळून पाहत नाही.

मी म्हटलं, "मग आई, रविवारी तूच सांग. आबांच्या मागे खोली तुझ्या नावावर, सही तुझीच आहे. तुझ्यासाठी आपण थांबू."

तेव्हा ती चिडली. मी तिला एवढी चिडलेली कधीच पाहिली नव्हती. म्हणाली, "माज्या नावार ऱ्हव नको. तुजे आबा देवाच्या नावान बोलले, महेश बापाशीच्या नावान बोलता, आणि तू माज्या. कोण आपल्या नावान बोलतला काय नाय ह्या घरात? माका लालबाग नको. माजी माणसां थंय होती, ती गेली. मी गावाक जातंय, भावाकडे. खोली तुज्या नावार करून दितंय, महेशाक मी सांगतंय. तुका ऱ्हवाचा आसा तर ऱ्हव. नको आसा तर पैशे घी आणि जा. पण माका मधी घालू नको."

मला इतका राग आला की मी खाली निघून गेले. गोदामांच्या भिंतीला लागून नुसती चालत राहिले. हिच्यासाठी मी बदलापूर सोडलं, हिच्यासाठी एजंटांची तोंडं पाहिली, आणि ही म्हणते मला लालबाग नको? मग मी कशासाठी हे सगळं करतेय?

आणि आबा, उत्तर इतकं सोपं होतं की मलाच माझा राग आला. मला राहायचंय. बस. मला पायी कामाला जायला आवडतं. संध्याकाळी परत येताना मसाल्याच्या दुकानांसमोर शिंका येतात तेही मला आवडतं. कोळीण माझ्यासाठी बांगडे बाजूला काढून ठेवते, भाव मात्र कमी करत नाही. उशीर झाला तर कुठून आलीस असं कोणी विचारत नाही, आणि ताप आला तर तीन घरांतून पेज येते. पनवेलच्या बंद दारांमागे मी कोण असेन? मॅडम. इथे मी वैशाली आहे. एवढ्यासाठी एवढं भाडं भरणं मूर्खपणा असेल तर असू दे, तो माझा मूर्खपणा आहे.

रविवारी मी जाणार आहे. महेशला नारळाला हात लावू देणार नाही, आणि त्याने लावलाच तर मी मधेच बोलणार. आधी मेस्त्रीबाईंचा प्रश्न विचारणार, आणि उत्तर कागदावर आल्याशिवाय खाली बसणार नाही. लोक म्हणतील, आबांची मुलगी असून देवाच्या कामात आडवी आली. म्हणू देत. मी सही करणार आहे आबा, पैसे घेणार नाही. पण वाचून, आणि उत्तर मिळाल्यावर.

पुढच्या आठवड्यात आईला गावी सोडून येईन. मग या खोलीत मी एकटी. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पुन्हा फसवलं तर या वेळी दोष द्यायला कोणी नसेल.

तरीही तुम्हाला एक शब्द देते. कोणी विचारलं, इतकी महाग जागा, एकटी बाई, कोणासाठी राहतेस इथे, तर मी कोणाचंही नाव सांगणार नाही. तुमचंही नाही.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच वैशाली