घासलेली नाणी

नेपरव्हिल, ४ मार्च १९८९

प्रिय श्रीरंग,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र फाडायचं मनात आलं असेल, तर आधी वाच आणि मग खुशाल फाड. दीड वर्ष झालं, ना तुझा फोन, ना माझा. शेवटी एकाच आईची लेकरं आपण, हट्टाला काय तोटा!

त्या दिवाळीत तू शुगर लँडहून केवढ्या हौसेने तुझी चांदीची नाणी दाखवायला आणलीस, इस्तंबूलच्या जुन्या मशिदींची चित्रं कोरलेली. हात लावू नकोस, असं मला बजावून आंघोळीला गेलास. आणि मी काय केलं? लक्ष्मीपूजनाला काळपट चांदी कशी मांडायची, म्हणून लिंबू-रांगोळी लावून चारही नाणी घसाघसा घासली. वर शाबासकीची वाट बघत उभी! तू ओरडलास. मग मीही पाहुण्यांदेखत म्हणाले, की तुला बहिणीपेक्षा नाणी मोठी. तू न जेवता, नाणी तिथेच टाकून निघून गेलास.

गेल्या आठवड्यात शिकागोत नाण्यांच्या एका दुकानात गेले होते. म्हटलं, तशीच नवी घेऊन पाठवावीत. दुकानदाराने सुलेमानिये मशिदीचं नाणं भिंगाखाली धरलं. अरे, घुमटाखाली खिडक्यांची काय नाजूक रांग! आपल्या नाण्यावर त्या मी पार पुसून टाकल्यात. पासष्ट साली आपण पहिल्यांदा इकडे अमेरिकेत येताना इस्तंबूलला विमान चुकलं होतं, आठवतं? मी नवी नवरी, नवरा आधीच इकडे आलेला, आईच्या आठवणीने रडून बेजार. तू मला त्याच मशिदीत नेलंस, डोक्यावर पदर घ्यायला लावलास आणि एवढा घुमट तोलतात कसा, ते तासभर समजावत बसलास. मला ओ की ठो कळलं नाही, पण रडू थांबलं. तू नाण्यांत तो दिवस जपला होतास, आणि हे मला त्या दुकानात कळलं. नाणं न घेताच परत फिरले. चूक माझी होती, श्रीरंग. शंभरदा माझी.

शरयूचं लग्न ठरलंय, दहा जूनला. मामाने हात धरून आणल्याशिवाय मी बोहल्यावर जाणार नाही, असं तिने तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत सांगून टाकलंय. मामाला ऑफिसातून रजा मिळत नाही, असं मी तिला महिनाभर सांगतेय. ते खोटं आहे. मी तुला बोलावलंच नव्हतं. आज बोलावतेय. ये रे.

रागावलास तरी तुझीच,
संध्याताई